चाचांनी जनाबियात हीटर बसवला

आमच्या कंपनीत एसी विकणारा माणूस ऑगस्टमध्येही स्वेटर घालून बसायचा. बहरीनमधल्या तुबलीच्या त्या ऑफिसात मी नवीन लागले तेव्हा बाहेर रस्ता उन्हानं पांढरा पडला होता, आणि आत कोपऱ्यातल्या टेबलाशी कोपरांवर विरलेला चॉकलेटी स्वेटर घालून एक उंच, वाळका, पांढऱ्या दाढीचा माणूस चहाच्या पेल्याला दोन्ही हातांनी धरून बसला होता. मला वाटलं, याला ताप आला असणार. शेजारच्याला विचारलं तर तो हसला. "ताप-बिप काही नाही. चाचा तसेच आहेत. सगळ्या बहरीनला थंड करतात आणि स्वतः कुडकुडतात."

त्यांना सगळे चाचाच म्हणायचे, कंपनीचा मालकसुद्धा. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या एका गावातून ते ऐन तारुण्यात इथं आले होते आणि तेव्हापासून एसीच विकत होते. मी परभणीकडची. डक्टची ड्रॉइंग काढायचं माझं काम. म्हणजे घरातून हवा नेणारे जे पत्र्याचे चौकोनी बोगदे असतात, ते कुठून कुठं जातील, केवढे असतील, हे कॉम्प्युटरवर आखायचं. पहिल्याच आठवड्यात मी आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तेव्हा चाचा समोर उभे.

"कुठली गो तू?"

"परभणी."

"तिकडं समुद्र नाय."

"नाही."

"मग तुला दमट थंडी म्हणजे काय ते ठाऊक नसणार. जानेवारी येऊ दे, कळेल."

एवढं बोलून ते गेले. मला राग आला. बहरीनमध्ये कसली आलीय थंडी? गावाकडं कुणाला सांगितलं की इथं हिवाळा असतो, तर लोक हसतात. पण जानेवारी आला आणि कळलं. इथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. उंच छत, खाली गुळगुळीत गार फरशी, भिंती अशा की आत आलेला गारवा बाहेर जाऊ नये. चारी बाजूंना समुद्र. उत्तरेचा वारा सुटला की बाहेर उन्हात बरं वाटतं आणि घरात पाऊल टाकलं की पायापासून गारठा चढतो. रजई दमट, उशी दमट, वाळत घातलेली बनियन दोन दिवस दमट. माझा मुलगा शाळेच्या बुटातून पाय काढायला तयार नव्हता. "मम्मा, द फ्लोअर इज बाइटिंग मी," म्हणायचा. ते मी ऑफिसात सांगितलं तर चाचांना ते फारच आवडलं. "फरशी चावते! शाबास! तुझ्यापेक्षा तुझा मुलगा हुशार हाय."

चाचांची विक्री बघायला मिळणं ही एक गंमत होती. ते गिऱ्हाइकाच्या घरी गेले की पाव तास काही बोलायचेच नाहीत. एखाद्या खुर्चीवर बसायचे, मग उठून दुसऱ्या खुर्चीवर बसायचे. भिंतीला हाताची उलटी बाजू लावून बघायचे, आई लेकराच्या कपाळाला लावते तशी. आणि मग त्यांचा एकच प्रश्न असायचा, "घरात कोण कुठं बसतो?"

सनाबिसला एका कुटुंबाला दिवाणखान्यासाठी सगळ्यात मोठं यंत्र हवं होतं. चाचांनी हाच प्रश्न विचारला, आणि हळूहळू असं निघालं की दिवाणखान्यात कुणीच बसत नाही. म्हातारे आजोबा स्वयंपाकघरालगतच्या अरुंद खोलीत पडून असतात म्हणून सगळं घर तिथंच गोळा होतं. चाचांनी त्या खोलीसाठी एक लहानसं यंत्र विकलं आणि दिवाणखान्याचा पंखा साफ करून घ्या म्हणून सांगितलं. मालक चिडला. "चाचा, आपण विकायला बसलोय की परत पाठवायला?"

"बाकीचा घर रिकामा हाय, शेठ. रिकाम्या खुर्च्यांना थंड करून काय करू?"

एप्रिलमध्ये आमच्या लोकांचा जयंतीचा कार्यक्रम असतो. मी चाचांना बोलावलं होतं. येणार नाहीत असं वाटलं, पण इस्त्रीचा सदरा घालून आले, "जयभीम, पोरी" म्हणाले आणि मागं उभे राहिले. भाषण रंगात आलं होतं. तेवढ्यात बघते तर चाचा वाकून वाकून पुढं चाललेत. पुढच्या सतरंजीवर बसलेल्या लहान पोरांच्या डोक्यावर थेट एसीची हवा पडत होती. त्यांनी ती सतरंजी पोरांसकट ओढून बाजूला घेतली. पोरं खिदळली, वक्ते थांबले. चाचांनी हात जोडले, "चालू द्या, चालू द्या. हवा चुकीची होती," म्हणाले, आणि परत मागं जाऊन शेवटपर्यंत उभे राहिले.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात काय असेल याचं मला कुतूहल होतं.

ते जनाबियात राहायचे. जनाबिया म्हणजे मोठमोठ्या व्हिलांचा भाग, पण चाचांचं घर म्हणजे एका व्हिलाच्या पाठीला चिकटलेलं दोन खोल्यांचं बैठं घर होतं. पुढं लहानसं अंगण, एक लिंबाचं झाड. घरमालक बहरीनी, पुढच्या व्हिलात राहायचा. खालांना इथं आणायचं ठरल्यावर चाचांनी हे घर शोधलं होतं.

खाला म्हणजे त्यांची बायको. त्या दोघांचं लग्न जुनं, पण संसार नवा होता. चाचांनी सगळी उमेदीची वर्षं इथं चार-चार माणसांच्या खोलीत काढली. खाला गावी. दोन मुली, सासू, नारळाची बाग, सगळं त्यांनी एकटीनं केलं. दोन वर्षांतून एकदा चाचा सुट्टीवर जायचे. धाकटीचं लग्न झालं, सासू गेली, तेव्हा खाला पहिल्यांदा विमानात बसल्या. मला एकदा हसत म्हणाल्या होत्या, "मला ठाऊकच नव्हता ह्यांना भातावर दही लागतो. सुट्टीत आलेला माणूस काय वाढला ते खातो."

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांची बोटं सुजू लागली. संधिवात. सकाळी मूठ मिटत नव्हती. कप धरता येईना, वेणी घालता येईना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हात-पाय उबेत ठेवायला सांगितलं. ऊब कुठून आणायची? चाचांनी तारेचा हीटर आणला, लाल होणारा. खाला त्याच्या इतक्या जवळ बसायच्या की एका संध्याकाळी ओढणीचा काठ जळला. हात आखडलेले, त्यामुळं ओढणी पटकन झटकताही येईना. चाचा शेजारच्या खोलीत होते म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी गावाहून फोनांची रांग लागली. मुली, जावई, मेहुणे, सगळ्यांचं एकच म्हणणं, "तिला इकडं पाठवा. इकडं थंडी नाय." डॉक्टरही म्हणाले, जमत असेल तर हिवाळ्यापुरतं पाठवा. ऑफिसात फोरमन म्हणाला, "चाचा, भेज दो ना. बाद में बुला लेना."

फोरमन केरळचा, चांगला माणूस. पण चाचा त्याच्यावर एवढे ओरडले की वर्कशॉपमधली पत्रा कापायची मशीन बंद पडली. "आयुष्यभर तिकडंच ठेवली ना! अजून किती ठेवू?" हे ते मराठीत ओरडले. फोरमनला शब्द कळले नाहीत, पण त्यानं परत तो विषय काढला नाही.

त्या शुक्रवारी त्यांनी मला घरी बोलावलं. "ड्रॉइंगचा सामान घेऊन ये. गिऱ्हाइक हाय." मी लॅपटॉप आणि टेप घेऊन गेले. बघते तर गिऱ्हाइक म्हणजे खाला. चाचा टाय लावून बसले होते. कुठल्याही साइटवर मी त्यांना टाय लावलेला पाहिला नव्हता. पाव तास ते बोलले नाहीत. या खुर्चीवरून त्या खुर्चीवर बसले, भिंतींना हात लावला, खाली बसून फरशीलाही लावला. खाला माझ्याकडं बघून डोळ्यांनी विचारत होत्या, ह्यांचं काय बिनसलंय?

मग ते म्हणाले, "बाई, घरात कोण कुठं बसतो?"

खाला हसल्या. "मी ह्या उंबऱ्यावर बसते."

"उंबऱ्यावर का? इथं सोफा हाय."

"सोफ्यावरून फाटक दिसत नाय. तुम्ही आलात ते कळत नाय."

चाचांनी खिशातून पेन काढलं, परत ठेवलं. "दिवसभर?"

"दुपारी ऊन असतो तोपर्यंत बरा वाटतो. मग गार होतो. पण तुम्ही तर सहाला येता."

चाचा उठून बाहेर लिंबाच्या झाडापाशी गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आम्ही दोघींनी चहा करून घेतला. आत आले ते थेट मला म्हणाले, "लिही. ऊब उंबऱ्यापर्यंत यायला पायजे."

आता निवड. मी सांगितलं, एसीलाच गरम हवेची सोय असते, ती लावा. ती त्यांनी आधीच लावून बघितली होती. "गरम हवा उनाड पोरासारखी. सोडली की माळ्यावर जाऊन बसते. छत गरम, पाय गार." मग तेलाचे हीटर. पण त्या बैठ्या घराचं वायरिंग जुनं होतं. दोन हीटर आणि गिझर एकदम लावले की अंधार व्हायचा, आणि घरमालक नवीन लाइन ओढायला तयार नव्हता. वीज सुटली. राहिला गॅस.

गॅसची कल्पना त्यांच्या डोक्यात एका जुन्या गिऱ्हाइकानं घातली होती. तो ऑस्ट्रेलियातून आलेला. त्यानं सांगितलं होतं, तिकडं घराबाहेर गॅसची भट्टी असते, ती हवा गरम करते, ती हवा डक्टमधून घरात येते आणि फरशीतल्या जाळ्यांतून वर निघते. त्याची आई सकाळी त्या जाळीवर पाय ठेवून कॉफी प्यायची म्हणे. चाचांना बाकी सगळं तंत्र नंतर कळलं. ती जाळीवर पाय ठेवून बसलेली बाई मात्र त्यांच्या डोक्यात पक्की बसली.

"चाचा, बहरीनमध्ये असलं कुणी बसवत नाही," मी म्हणाले.

"म्हणून तर भाव करायला कोण नाय."

यंत्र शोधायला पुढचा उन्हाळा गेला. आम्ही चाळीस-पंचेचाळीस डिग्रीत घामाघूम होऊन यायचो आणि चाचा टेबलाशी स्वेटर घालून परदेशी कंपन्यांना फोन लावून विचारायचे, "तुमच्याकडं सगळ्यात लहान भट्टी कोणती?" ते लोक विचारायचे, गाव कुठलं? बहरीन म्हटलं की पलीकडं शांतता. एकानं तर विचारलं, तुम्हाला एसी म्हणायचंय का? शेवटी एक मिळालं. मी हिशोब मांडून सांगितलं की हे सगळ्यात लहान असलं तरी दोन खोल्यांना दुप्पट आहे. आयुष्यभर लोकांना लहान यंत्र विकणाऱ्या चाचांनी त्यावर काय म्हणावं? "असू दे. घरच्या माणसाला थोडा जास्तच वाढायचा असतो."

घरमालकाला पटवणं अवघड होतं. चाचांनी त्याला मोडक्या अरबीत सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला. "दफ्फाया? चाचा, तू एसीवाला, आणि तुला हीटर पाहिजे?" मग सिलिंडरचं नाव ऐकल्यावर हसायचा थांबला. "ला, ला. गॅस मफी. गॅस नाही म्हणजे नाही." पुढच्या घरात त्याची म्हातारी आई असायची. तिची खोली चाचांच्या भिंतीला लागूनच. त्याला भीती वाटली यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

चाचांनी त्याला हवं ते सगळं केलं. गॅसच्या कामाचा परवाना असलेला माणूस आणला, रीतसर परवानगी काढली. सिलिंडर अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, जाळीच्या कपाटात. भट्टी घराबाहेर पत्र्याच्या खोपट्यात. धूर जाणारं नळकांडं छपराच्याही वर, कुठल्याच खिडकीजवळ नाही. नळीच्या प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का ते घरमालकाला स्वतः बघायला लावलं. विषारी वायू झाला तर ओरडणारे अलार्म लावले, आणि त्यातला एक पहिल्यांदा लावला तो म्हातारीच्या खोलीत. तेव्हा कुठं घरमालक म्हणाला, "इंशाल्ला."

पंचाईत फरशीची होती. तिथं फरशी फोडून खाली डक्ट घालता येत नव्हता. मग मी डक्ट भिंतीच्या कडेनं जमिनीवरूनच नेला आणि त्यावर लाकडाची पेटी केली, गुडघ्याएवढी उंच, ओट्यासारखी. खाली घोट्याच्या उंचीला जाळ्या. म्हणजे ओट्यावर बसलं की पायांवर ऊब. ओटा नेला तो उंबऱ्यापर्यंत. फोरमन शुक्रवारची सुट्टी मोडून स्वतः पत्रा वाकवायला आला. चाचांनी त्याला नको म्हटलं तर म्हणाला, "आपने चिल्लाया था ना? तो अब चुप बैठो."

डिसेंबरच्या शेवटी वारा फिरला आणि चाचांनी भट्टी पेटवली.

ती दुपार मी विसरणार नाही. आधी वास आला. नव्या यंत्रावरची धूळ जळते तो वास, घाबरण्यासारखं काही नसतं. पण घरमालक पाण्याची बादली घेऊन धावत आला. तो वास गेला तोवर घर तापलं. आणि तापतच गेलं. यंत्र दुप्पट ते दुप्पटच. क्षणात घर बेकरीसारखं व्हायचं, मग भट्टी खट करून बंद पडायची, मग खट करून परत सुरू. खट, फुस्स, खट, फुस्स. खालांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी बिचाऱ्यांनी बराच वेळ सोसलं. मग उठून सगळ्या खिडक्या उघडल्या आणि अंगणात जाऊन वाऱ्याला बसल्या. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्या बाहेर थंडीत, आणि आत रिकाम्या घरात भट्टी धडधडतेय.

चाचा ओट्यावर बसून राहिले. पहिल्यांदाच त्यांनी स्वेटर काढला होता. "चुकलं गो," एवढंच म्हणाले. मला त्यांच्याकडं बघवेना.

तेवढ्यात भिंतीपलीकडून काठीचे ठोके आले. मग घरमालकाची आई, सगळे तिला हज्जिया म्हणायचे, काळा अबाया सावरत, काठी टेकत मागच्या दारानं आत आली. आम्हाला वाटलं, आवाजावरून भांडायला आली. तिनं कुणाकडं बघितलं नाही. चाचांच्या घराच्या बाजूनं त्या सामाईक भिंतीवर हात ठेवला, मग वळून तिथंच पाठ टेकून उभी राहिली. डोळे मिटले. "दाफी," म्हणाली. म्हणजे उबदार. भिंतीची तिच्या खोलीकडची बाजू उबेनं कोमट झाली होती आणि ही ऊब येते कुठून ते बघायला ती आली होती. कितीतरी हिवाळे तीही गारठत होती. नातवंडं होती, घर मोठं होतं, पण म्हातारीच्या गुडघ्यांचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

घरमालक बादली धरून दारात उभा होता. आईकडं बघत राहिला. मग बादली खाली ठेवून चाचांना म्हणाला, "भिंतीला भोक पाडायला किती वेळ लागतो?"

चाचांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठल्याच सौद्यानंतर पाहिलं नव्हतं. "पोरी," मला म्हणाले, "यंत्र बरोबर हाय. माणसं कमी मोजली होती."

पुढच्या शुक्रवारी डक्टचा एक फाटा हज्जियाच्या खोलीत गेला. भट्टीला पुरेसं काम मिळालं आणि तिचं खट-फुस्स थांबलं. शांत, एकसारखी ऊब. खाला उंबऱ्याशी ओट्यावर पाय सोडून बसायला लागल्या. त्यांचा संधिवात काही गेला नाही, गोळ्या चालूच होत्या. पण सकाळी बोटं लवकर सुटायची. जानेवारीत एकदा ऑफिसात चाचांनी डबा उघडला, त्यात तांदळाची भाकरी होती, हातावर थापलेली. एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली. त्यांनी ती सगळ्या ऑफिसला दाखवली आणि कुणाला तुकडाही दिला नाही.

हज्जिया रोज संध्याकाळी ओट्यावर यायची. खालांना अरबी येत नव्हतं, तिला कोकणी नाही. दोघींची तासन्‌तास बोलणी चालायची. एकदा मी बसले होते तेव्हा खाला तिला गावच्या विहिरीतून मांजर काढल्याची गोष्ट सांगत होत्या आणि ती मान हलवत भलत्याच कशावर तरी डोळे पुसत होती. भांडायच्याही. थर्मोस्टॅटचं बटण चाचांच्या घरात होतं. हज्जियाला ऊब जास्त लागायची, खालांना कमी. एक फिरवून जायची, दुसरी उठून परत फिरवायची. चाचा मला म्हणायचे, "आयुष्यभर लोकांच्या घरातली ही भांडणं मिटवली. माझ्या घरात मला बटणाजवळ जायची परवानगी नाय."

आता ते दोघं गावी आहेत. साठीनंतर कंपनीनं त्यांचा व्हिसा वाढवला नाही. मलाही आता त्या टेबलावर दुसराच माणूस बसलेला बघायची सवय झालीय. पण त्या आधीच्या हिवाळ्यातलं एक सांगितल्याशिवाय चाचा पुरे होत नाहीत.

थोरल्या मुलीचं बाळंतपण होतं. खालांना जावंच लागलं, डिसेंबरच्या सुरुवातीला. चाचांना रजा मिळाली नाही. वर्षानुवर्षं एकटा राहिलेला माणूस, दोन-अडीच महिन्यांचं काय, असं आम्हाला वाटलं. पंधरवड्यात चाचांच्या सदऱ्याची बटणं वरखाली लागायला लागली. गिऱ्हाइकाकडं जाऊन पाव तासाऐवजी तासभर गप्प बसायचे. मी आणि नवरा एकदा त्यांना भेटायला गेलो तर घर बर्फासारखं. ते ओट्यावर दोन रजया घेऊन बसलेले.

"चाचा, भट्टी लावा ना."

"एकट्यासाठी कशाला?"

एवढ्यात भिंतीवर काठी वाजली. दोनदा, तीनदा, जोरात. चाचांनी जीभ चावली. फाटा तिच्या खोलीत जातो, भट्टी इथं बंद म्हणजे तीही गारठलेली. ते धडपडत उठले आणि भट्टी पेटवून आले. नंतर मला कळलं की हज्जियानं नातीकडून गावी खालांना फोन लावून घेतला होता. काय बोलल्या दोघी, देव जाणे. पण दुसऱ्या आठवड्यात खालांचा मला फोन आला. मुलगी नीट बाळंत झाली, बाळ चांगलं आहे, तिची नणंद येऊन राहिली आहे, माझं तिकीट बदलून दे. "आणि त्यांना सांगू नको. नको येऊ म्हणतील."

मला पोटात ठेवता आलं नाही. त्या यायच्या आदल्या दिवशी चाचांना सांगून टाकलं. वाटलं, विमानतळावर माझ्या आधी पोचतील. पण ते म्हणाले, "तुम्ही दोघं जा. मी घर बघतंय."

शुक्रवारची दुपार होती, आभाळ मळकट, वारा जोराचा. खाला बाहेर आल्या त्या गाडीत बसेपर्यंत बोलत होत्या. नातवाचे कान कुणासारखे, नाक कुणासारखं. जनाबियाच्या वळणावर मी विचारलं, "खाला, हात कसे आहेत?" त्यांनी हात ओढणीखाली घेतले.

चाचा फाटकापाशी उभे होते. दाढी नीट केलेली, बटणं नीट लावलेली. मागं घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या. सकाळपासून त्यांनी भट्टी एवढी तापवली होती की हज्जियानं आपल्या हातानं येऊन खिडक्या उघडल्या होत्या आणि आता अंगणात उभी राहून त्यांना अरबीत रागावत होती.

खालांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढं केले. बोटं सरळ, सडपातळ, सूज कुठंच नाही.

"बघा. तिकडं दुखलेच नाय. एकदापण."

चाचांनी बघितलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. एवढी भट्टी, एवढा पत्रा, एवढी खटपट, आणि गावच्या उन्हानं ते काम फुकटात केलं होतं. सगळे सांगत होते तेच खरं निघालं होतं.

"मग आलीस कशाला?" त्यांनी विचारलं.

खाला म्हणाल्या, "हात बरे होते म्हणून काय तिकडंच ठेवायचे?"

चाचांनी ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. भर रस्त्यावर, आमच्या, घरमालकाच्या, हज्जियाच्या देखत. बराच वेळ सोडलेच नाहीत. हज्जियासुद्धा रागवायची थांबली. मग ते म्हणाले, "चल आत, वारा हाय," आणि तसेच हात धरून खालांना घेऊन गेले.

पिशवी रस्त्यावरच राहिली. माझ्या नवऱ्यानं ती उचलून आत अंगणात ठेवली, आणि आम्ही आवाज न करता फाटक ओढून घेतलं.